कुंभारणीचं घर

परवा कूलर स्वच्छ करायला काढला. औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरचा) उन्हाळा सरला की हे काम ठरलेलंच. मागची जाळी उघडली तर आतल्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं घर! सुपारीएवढी पाच मडकी एकमेकांना चिकटवलेली आणि वरून मातीचा हात फिरवलेला. मुलगा लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "आई, खरवडून टाकू?" मी जवळजवळ ओरडलेच, "थांब!"

तो बघतच राहिला. झुरळ दिसलं की चप्पल शोधणारी आई माशीच्या घरासाठी एवढी का कळवळते, हे त्याला कळेना. त्याला थोडक्यात सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. आमच्या मामे-मावस भावंडांना यातला पहिला भाग ठाऊक आहे, त्यांनी तो वगळून पुढे जायला हरकत नाही.

आमचं आजोळ पैठणचं. मे महिन्याची सुट्टी लागली की एस.टी.नं पन्नासेक किलोमीटर गेलं की आजीच्या ताब्यात. जुना मातीचा वाडा, वर माळवद, भिंतीत देवळ्या. दुपारी सगळे आडवे झाले की आजी एकनाथी भागवत उघडून बसायची आणि आम्हा झोप न येणाऱ्यांना अर्थ सांगायची. त्यातली आमची सगळ्यात आवडती गोष्ट अवधूताच्या चोवीस गुरूंची. यदुराजा अवधूताला विचारतो, तू एवढा आनंदी कसा? तो म्हणतो, मी पृथ्वीपासून शिकलो, वाऱ्यापासून शिकलो, अजगरापासून, मधमाशीपासून, पिंगला नावाच्या वेश्येपासून, अगदी कोळ्यापासूनही शिकलो. या यादीतला शेवटचा, चोविसावा गुरू म्हणजे ही आपली कुंभारीण. पोथीतली भृंगी.

दृष्टांत असा: भृंगी एक किडा पकडून आणते, भिंतीवरच्या घरात कोंडते आणि वर गुणगुणत राहते. आत कोंडलेला किडा भीतीनं तिचंच ध्यान करतो. ध्यान इतकं पक्कं होतं की आपलं शरीर न टाकताच तो भृंगी होऊन बाहेर पडतो. मन ज्याच्यात गुंततं, मग ते प्रेमानं असो, द्वेषानं असो की भीतीनं, माणूस तेच होतो. संस्कृतात याला भ्रमर-कीट न्याय म्हणतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात तो आहे, वेदान्ताच्या ग्रंथांत आहे, आणि नाथांनी तो मराठीत आणून घराघरांत पोचवला.

नाथांनी ही टीका पैठणला सुरू केली आणि काशीला पूर्ण केली, शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये. परंपरा सांगते की पहिले पाच अध्याय झाल्यावर त्याची बातमी काशीला गेली. भागवत प्राकृतात आणलं म्हणून तिथल्या पंडितांनी जाब विचारायला बोलावलं, आणि शेवटी त्यांनीच ग्रंथ गौरवला. १८ हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ ज्या गावात सुरू झाला, त्याच गावात त्यातली भृंगी आमच्या देवळीत घर बांधत होती. पोथी आणि पुरावा एकाच खोलीत! आजी वाचता वाचता बोट दाखवायची, "ती बघ, निघाली माती आणायला." न्हाणीच्या मोरीपाशी ओली माती असायची, तिथून ती मोहरीएवढी गोळी उचलायची. माती थापताना खरंच गुणगुण ऐकू यायची. आजी म्हणायची, तो तिचा मंत्र.

मग १९८४ साल आलं. मी नुकतीच दहावी दिली होती, अकरावीला सायन्स घेणार होते आणि शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं कीटकांचं एक पुस्तक वाचून भलतीच शहाणी झाले होते. एका दुपारी आजीचा डोळा लागला तशी मी केसातली पिन काढली आणि देवळीतलं एक मडकं फोडलं.

आत आठ-नऊ बारीक हिरव्या अळ्या दाटीवाटीनं भरलेल्या. आणि त्यांच्यात एक पांढरी, बिनपायांची, गुबगुबीत अळी एका हिरवीला चिकटून बसलेली. मी सगळा ऐवज वर्तमानपत्रावर काढला आणि आजीला उठवून दाखवला. "बघ! ध्यानबिन काही नाही. ही पांढरी त्या माशीचं लेकरू आहे आणि या हिरव्या म्हणजे आईनं भरून ठेवलेला डबा. किडा भृंगी होत नाही, भृंगीचं पोर किड्याला खातं!"

आजीनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मी पिन लावली तशी एक हिरवी अळी जराशी वळवळली.

"जिवंत आहेत का गं या?"

"हो. माशी नांगी मारून लुळं करते. मेल्या तर सडतील ना, म्हणून."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग हिला दुखत असेल का गं?"

माझ्या पुस्तकात हे नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या कागदाला मुंग्या लागल्या आणि पांढरी, हिरव्या, सगळ्याच गेल्या. दुसऱ्या दिवशी आजीनं पोथी नेहमीसारखी उघडली. त्या प्रसंगावर ती पुन्हा काही बोलली नाही, मीही नाही. पण तिचा प्रश्न माझ्याबरोबर राहिला आणि त्याच्या नादानं मी पुढे बरंच वाचत गेले. त्यातलं थोडं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ही चूक एकट्या आपली नव्हती. चीनमध्ये हीच कथा, जवळपास शब्दशः. तिथे समज असा की या माशीला स्वतःची पोरं होत नाहीत, म्हणून ती परकी अळी उचलून आणते आणि माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो असं तिच्या कानाशी गुणगुणत राहते. शेवटी अळी माशी होते. चिनी भाषेत दत्तक मुलाला त्या अळीच्या नावानं ओळखू लागले. आपल्याकडे ध्यान, त्यांच्याकडे दत्तकविधान! ताओ होंगजिंग (इ. स. ४५६ ते ५३६) नावाच्या वैद्यक जाणणाऱ्या पंडितानं प्रत्यक्ष घर उघडून पाहिलं आणि लिहून ठेवलं की माशी आत स्वतःचं अंडं घालते आणि अळ्या हे पिल्लांचं खाणं आहे. म्हणजे नाथांच्या हजारेक वर्षं आधी. तरी तिथेही जुना समज पुढे कितीतरी शतकं टिकला.

युरोपचीही तीच गत. हॉलंडमधला योहानेस खुडार्ट हा चित्रकार घरी अळ्या पाळायचा आणि त्यांची रूपांतरं रंगवायचा. १६६० च्या दशकात त्याचं पुस्तक निघालं. कधी एका अळीतून फुलपाखरू निघे, तर तशाच दुसऱ्या अळीतून बारीक माश्यांचा थवा. त्यानं दोन्ही प्रामाणिकपणे रंगवलं आणि निष्कर्ष काढला की एकाच अळीची दोन प्रकारची संतती होऊ शकते. १७०० च्या सुमारास इटलीच्या व्हालिस्निएरीनं वगैरे उलगडा केला की त्या माश्यांच्या आईनं अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात.

मला यात गंमत वाटते ती ही की भारत, चीन, युरोप, कुणाचेच डोळे खोटं सांगत नव्हते. किडा आत गेला हे खरं, माशी बाहेर आली हेही खरं. मधले तीन-चार आठवडे मातीआड होते, तेवढे प्रत्येकानं आपापल्या मनातल्या गोष्टीनं भरून काढले.

त्या मातीआड काय होतं ते फ्रान्सच्या झाँ आंरी फाब्रनं (१८२३ ते १९१५) फार सुंदर पाहिलं. फाब्र साधा शाळामास्तर. त्याच्या आधी लेओं द्युफूर नावाच्या शास्त्रज्ञानं अशाच एका माशीच्या बिळात ताजेतवाने भुंगेरे पाहिले आणि म्हटलं, माशी यांना मारते आणि तिच्या विषानं मढी टिकतात, लोणच्यासारखी. फाब्रनं १८५५ साली दाखवलं की ते मेलेले नसतातच. विजेचा हलका प्रवाह दिला तर पाय हलवतात. माशीची नांगी नेमकी पाय चालवणाऱ्या मज्जागाठींवर बसलेली असते, म्हणून जीव राहतो आणि हालचाल जाते.

कुंभारणीचंही त्यानं पाहिलं. ती मडकं बांधते, आत आधी अंडं घालते आणि तेही छतापासून एका बारीक धाग्यानं टांगून! का? तर भरलेल्या अळ्या पुरत्या लुळ्या नसतात. एखादी वळवळली तर अंडं चिरडेल. म्हणून पिल्लू वरच्या वर लोंबत पहिले घास घेतं, आणि जरा मोठं झालं की खाली उतरतं. हे वाचलं तेव्हा माझ्या पिनेखाली वळवळलेली अळी आठवली आणि पोटात कसंसं झालं. मी फोडलं ते घर किती बेतानं रचलेलं होतं!

आजीचा प्रश्नही कुणीतरी आधी विचारून ठेवला होता. चार्ल्स डार्विननं. मे १८६० मध्ये, म्हणजे त्याचं गाजलेलं पुस्तक निघून सहा महिने होतात तेव्हा, त्यानं अमेरिकेतल्या एसा ग्रे या मित्राला पत्र लिहिलं. त्यात त्यानं कबूल केलं की जिवंत अळीच्या आतून खाणाऱ्या या इक्न्यूमन माश्या एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम निर्माण केल्या असतील हे त्याच्या मनाला पटत नाही. पैठणची आजी आणि डार्विन एकाच ठिकाणी अडले, फक्त आजीनं त्यावर देवाला धारेवर धरलं नाही.

डार्विन म्हणत होता त्या माश्या कुंभारणीच्या चुलत घराण्यातल्या. कुंभारीण शिकार करून डबा भरते. या दुसऱ्या घर बांधतच नाहीत, किड्यालाच घर करतात. गोचीड किंवा जळू रक्त पिते पण सहसा मारत नाही. या माश्यांची पिल्लं मात्र यजमानाला शेवटी मारतातच, म्हणून त्यांना साधं परोपजीवी न म्हणता पॅरासिटॉइड असं वेगळं नाव आहे. एकट्या इक्न्यूमन कुळातच २५ हजारांच्या आसपास जाती नोंदवल्या गेल्या आहेत.

आता अळीही काही मुकाट मरत नाही. तिच्या रक्तातल्या पेशी बाहेरच्या अंड्याभोवती गोळा होऊन त्याला गुदमरवून टाकतात. यावर काही माश्यांचा तोड म्हणजे कमाल आहे. त्या अंड्याबरोबर एक विषाणू टोचतात, जो माशीच्या बीजांडकोशातच तयार होतो. १९८१ साली सिद्ध झालं की हा विषाणू अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. अळी पानं खात राहते, वाढत राहते, पण तिच्या आत दुसऱ्याची पोरं पोसली जातात आणि तिचं फुलपाखरू किंवा पतंग कधीच होत नाही.

आणि झुरळ! (माझ्या चिरंजीवांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.) आपल्या उपखंडातही आढळणारी एक हिरव्या-निळ्या रत्नासारखी माशी आहे, अँप्युलेक्स. ती झुरळाला दोनदा नांगी मारते. पहिली छातीत, त्यानं पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरी मानेतून थेट मेंदूत. इस्राएलच्या फ्रेडरिक लिबरसाट यांच्या गटानं किरणोत्सारी खूण लावून २००३ मध्ये दाखवून दिलं की विष खरोखर मेंदूतच उतरतं. मग झुरळ अर्धा तास स्वतःचं अंग साफ करत बसतं. त्यानंतर त्याचे पाय ठणठणीत असतात, पण आपणहून चालायला लागण्याची इच्छाच गेलेली असते. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर कातरते आणि उरलेल्या मिशीला धरून गाय दावणीला न्यावी तशी बिळात नेते. झुरळ आपल्या पायांनी चालत जातं. बिळात अंडं, वरून दार बंद.

हे वाचून मी आजीच्या पोथीकडे परत गेले. किड्याचं मनच माशी ताब्यात घेते, हे तर पोथी म्हणत होतीच की! फक्त ते मन माशीरूप होत नाही, ते उरतच नाही. पोथीतला किडा आपलं शरीर न टाकता मोठा होतो. खऱ्या किड्याला शरीरच द्यावं लागतं. दृष्टांत म्हणून सुंदर, माहिती म्हणून उलटा.

मग हे सगळं चुकीचं म्हणून सोडून द्यायचं का? सोळाव्या वर्षी मी हो म्हटलं असतं. आता वाटतं, त्या अध्यायात अवधूत काय करत होता? बघत होता. अजगर, कोळी, माशी, जे समोर येईल ते बघून शिकत होता. त्याच्याच रीतीनं आणखी थोडं वाकून पाहिलं तर त्यात नाथांचा अपमान कसला? आजीनं चष्मा पुसून पाहिलंच होतं की. अपमान माझ्या आवाजात होता, शोधात नव्हता.

आणखी एक गोष्ट आजीला सांगायची राहून गेली. या माश्यांना आमच्या मराठवाड्यात आता पोथीबाहेरही काम मिळालं आहे.

माझा एक मामेभाऊ कन्नडकडे कापूस आणि मका करतो. त्याच्याकडे पहिल्यांदा ट्रायकोकार्ड पाहिलं तेव्हा वाटलं सँडपेपरचा तुकडा असावा. पोस्टकार्डासारख्या कागदावर तांदळावरच्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली आणि त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा माशीचं पिल्लू वाढत असलेलं. पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. माश्या बाहेर पडतात, अर्ध्या मिलिमीटरच्या, आणि बोंडअळीच्या पतंगानं घातलेली अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात. अळी जन्मालाच येत नाही. आता बोंडअळीवर फवारणीचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कार्डानं सगळं भागतं असं भाऊही म्हणत नाही. पण कार्ड टाचणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येतो. शिवाय कार्ड लावल्यावर आठवडाभर विषारी औषध मारायचं नाही हे पथ्य, नाहीतर आपलेच मजूर आपणच मारले.

२०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि आमच्या भागातला मका फस्त करू लागली. तिची मादी अंड्यांचे थर लावते आणि वर स्वतःच्या अंगावरच्या केसांची रजई घालते. ट्रायकोग्रामाला त्यात शिरणं जड जातं. पण टेलेनोमस नावाची दुसरी चिमुकली माशी त्या थरांच्या आत घुसते, आणि ती आपल्याकडच्या शेतांत आधीपासून होतीच.

कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट तर आणखी मजेची. हा परदेशी ढेकूण २००५ नंतर कपाशीवर पसरला आणि फवारण्यांना दाद देईना, कारण अंगावर मेणाची पूड. २००८ मध्ये दिल्लीत संशोधकांना काही ढेकूण फुगून, कडक होऊन मेलेले दिसले. आत एक माशी होती. कुणी आणली नव्हती, ढेकणाच्या मागोमाग आपली आपण आली होती. २००९ मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी तिला नाव दिलं एनॅसियस बंबावालेई, कीड व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून. काही वर्षांनी उलगडलं की ही तर अमेरिकेत १९१५ सालीच ॲरिझोनाच्या नावानं नोंदवलेली माशी. नियमाप्रमाणे जुनं नाव चाललं आणि बंबावाल्यांचं मागे पडलं. नाव गेलं, माशी मात्र शेतात टिकून आहे.

मामेभावाला मी विचारलं होतं, त्या अंड्यांतल्या अळ्यांचं तुला काही वाटतं का? तो हसला. "ताई, कर्ज फेडायचंय." आजीचा प्रश्न शेताच्या बांधावर असा निराळाच होऊन जातो. कीटकांना दुखतं का, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. मला वाटतं, लुळ्या अळीकडे पाहून तो प्रश्न पडणं आणि तरीही कार्ड टाचणं, दोन्ही एकाच माणसाला जमायला हवं. आजीला जमलं असतं. ती अळीसाठी हळहळली, पण पुढच्या महिन्यात माशीनं तिथेच नवं घर बांधलं तेव्हा तिनं तेही मोडू दिलं नाही.

असो. कूलर अजून बाल्कनीत उघडाच पडून आहे. मडकी पाच आहेत, त्यातल्या दोनांना काल बारीक गोल भोकं दिसली, म्हणजे दोन पोरं बाहेर पडली. चिरंजीवांनी पिन मागितली होती, बाकीच्यांत काय आहे बघायला. दिली नाही. पण भिंग दिलं आहे, आणि शाळेतून आल्यावर तो रोज तिथे पाच मिनिटं बसतो.